चूक समोरच्याची, मग क्लेम कोणाच्या पॉलिसीवर?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. सिग्नलला गाडी उभी होती आणि मागून एक गाडी येऊन आदळली. डिकी आत गेली, बंपर फुटला, उजवा टेललॅम्प गेला. मागच्याने जागेवरच चूक कबूल केली, "पोलिसांत नको, मी भरतो" म्हणाला आणि नंबर दिला. आता आठवडा झाला, फोन उचलत नाही. आपल्या विमा कंपनीला विचारलं तर त्यांनी "तुमच्याच पॉलिसीवर क्लेम करा" असं सांगितलं. गाडी साडेतीन वर्षांची, पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरणारी), झिरो डेप (भागांची झीज न कापता भरपाई देणारं जोड कव्हर) नाही, एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत, 35 टक्के. मागच्या सीटवर आई होती, तिची मान अजून दुखते आहे. चूक त्याची असताना माझा बोनस का जावा? त्याच्या इन्शुरन्सकडून पैसे मिळत नाहीत का?

मी बरीच वर्षं मोटार सर्व्हेअर, म्हणजे क्लेमसाठी गाडीचं नुकसान तपासणारा, म्हणून काम केलं आणि आता लोकांचे अडकलेले क्लेम बघतो. हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो आणि बहुतेक वेळा विचारणारा रागावलेला असतो. राग रास्तच आहे. पण चूक कोणाची आणि तुमच्या गाडीचे पैसे लवकरात लवकर कुठून येतील, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ते एकत्र केले की माणूस महिनोन्‌महिने फुटका बंपर घेऊन फिरतो.

त्याच्या इन्शुरन्सकडून पैसे मिळू शकतात, पण त्याच्या कंपनीच्या काउंटरवर फॉर्म भरून नाही. कारण असं, की गाडीच्या पॉलिसीचे दोन भाग असतात. ओडी, म्हणजे ओन डॅमेज: मालकाच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. आणि टीपी, म्हणजे थर्ड पार्टी: त्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेली इजा किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान. टीपी मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार सक्तीची आहे. तुम्ही त्याच्या पॉलिसीच्या दृष्टीने थर्ड पार्टी, त्यामुळे तुमचा हक्क त्याच्या टीपीवर आहे. मात्र तुमचा आणि त्याच्या कंपनीचा आपसांत काही करार नाही. तिची जबाबदारी ठरते ती त्याच्या चालकाचा निष्काळजीपणा आणि मालकाची जबाबदारी सिद्ध झाल्यावर, आणि ते ठरवण्याची जागा म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, ज्याला सगळे ट्रिब्युनल किंवा एमएसीटी म्हणतात. लोकांचा समज असतो की ट्रिब्युनल फक्त मृत्यू आणि जखमींसाठी आहे. तसं नाही. कलम 165 आणि 166 मध्ये मालमत्तेचं नुकसानही येतं, आणि तुमची गाडी ही तुमची मालमत्ता आहे.

अर्ज तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथल्या, अपघात झाला तिथल्या, किंवा प्रतिवादी राहतो तिथल्या ट्रिब्युनलमध्ये करता येतो. म्हणजे अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला म्हणून तारखांना तिकडे जायला हवं असं नाही. मुदत मात्र पाहा: 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अपघाताच्या तारखेपासून सहा महिने. या मुदतीवरून न्यायालयांत वाद झालेले आहेत, पण दुसऱ्यांच्या वादाच्या भरवशावर आपण तारीख चुकवू नये.

रकमेचीही एक मर्यादा असते आणि ती फार थोड्या लोकांना ठाऊक असते. खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत तिसऱ्या व्यक्तीच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी कंपनीची जबाबदारी साडेसात लाखांपर्यंत असते. पण प्रीमियममध्ये थोडी सवलत मिळते म्हणून काही जण ती 6,000 रुपयांपर्यंत खाली आणतात. समोरच्याने तसं केलेलं असेल, तर वरचे सगळे पैसे त्याच्या खिशातून वसूल करावे लागतील. धडक देणारी गाडी दुचाकी असेल तर नेहमीची मर्यादा एक लाख.

आता तुमच्या कंपनीच्या फोनवरच्या माणसाबद्दल. त्याने तुम्हाला टोलवलं नाही, तो व्यवहाराचं बोलला. ओडीचा क्लेम चूक कोणाची हे पाहत नाही. तुमची, समोरच्याची, कोणाचीच नाही, तरी पॉलिसीच्या अटींत बसत असेल तर नुकसान भरून मिळतं. पैसे दिल्यावर समोरच्याकडून वसूल करण्याचा हक्क त्या रकमेपुरता तुमच्या कंपनीकडे जातो. यालाच सब्रोगेशन म्हणतात. पण कंपन्या अशा छोट्या रकमांसाठी एकमेकींच्या मागे सहसा लागत नाहीत. आपापल्या ग्राहकाचं आपण भरायचं, असा नॉक फॉर नॉक नावाचा समझोता त्यांच्यात चालत आलेला आहे. हिशेबाने तो शहाणपणाचा आहे, कारण आज हिची गाडी, उद्या तिची. त्याचा भुर्दंड पडतो तो तुमच्या एनसीबीवर. नो क्लेम बोनस हे "नो क्लेम" पाहतं, "नो फॉल्ट" नाही. हे अन्यायाचं वाटतं आणि माझ्या मते काही अंशी आहेही, पण नियम तसा आहे.

म्हणून भांडण्याआधी कागद-पेन घ्या. तुमच्या वर्णनावरून मी आकडे कल्पून मांडतो; तुमच्या गॅरेजचं एस्टिमेट हातात आलं की त्यात खरे आकडे टाका. जीएसटी बाजूला ठेवू.

धरून चालू की बंपर 8,000, टेललॅम्प 6,000, डिकीचा पत्रा 14,000, पेंटिंग 12,000, मजुरी 6,000. एकूण 46,000. झिरो डेप नसल्यामुळे डेप्रिसिएशन, म्हणजे भागांची झीज, कापलं जाईल. प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर 50 टक्के, गाडी कितीही नवी असो. म्हणजे बंपरचे 4,000 आणि लॅम्पचे 3,000 गेले. धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार कापतात, तीन ते चार वर्षांच्या गाडीला 25 टक्के, म्हणजे पत्र्याचे 3,500. पेंटिंगच्या एकत्रित बिलातला 25 टक्के भाग रंगाचं साहित्य धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात: 1,500. काचेवर काही कापत नाहीत आणि मजुरीवरही नाही. कपात झाली 12,000. शिवाय सक्तीचा डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः सोसायची रक्कम: 1500 सीसीपर्यंतच्या कारला 1,000, त्यापुढे 2,000. तुमची गाडी लहान धरली तर कंपनी देईल 33,000 आणि तुमच्या खिशातून जातील 13,000.

आता एनसीबी. क्लेम केला नसता तर पुढच्या नूतनीकरणाला तुम्ही 45 टक्क्यांवर गेला असता आणि नंतर 50 वर थांबला असता. क्लेम केलात की पुढच्या वर्षी शून्य, मग 20, 25, 35, 45 असा पुन्हा जिना. सवलत फक्त ओडीच्या प्रीमियमवर मिळते, टीपीवर नाही. ओडीचा सवलतीआधीचा प्रीमियम 12,000 धरला तर पहिल्या वर्षी 5,400 चं नुकसान, मग 3,600, 3,000, 1,800 आणि 600. पाच वर्षांत मिळून 14,400. प्रत्यक्षात कमीच, कारण गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, दरवर्षी उतरते आणि तिच्याबरोबर ओडीचा प्रीमियमही.

म्हणजे 33,000 मिळवायला पाच वर्षांत फार तर 14,400 सोडावे लागतात. या आकड्यांवर क्लेम करावा. हेच बिल 15,000 चं असतं तर मी उलट सांगितलं असतं: खिशातून करा आणि समोरच्याच्या मागे लागा. मध्ये कुठेतरी एक रेषा आहे, आणि ती प्रत्येक गाडीची वेगळी. "बोनस गेला" या दुःखात लोक मोठे क्लेम सोडतात आणि दुसऱ्या टोकाला एका ओरखड्यासाठी 45 टक्क्यांचा बोनस घालवतात. दोन्ही वेळा हिशेब केलेला नसतो. आणखी दोन गोष्टी तपासा. पॉलिसीत एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम केला तरी बोनस टिकवणारं जोड कव्हर) आहे का? असेल तर ही चिंताच नको. आणि या पॉलिसी वर्षात आधीच एखादा क्लेम झालाय का? झाला असेल तर बोनस तसाही गेलेला आहे, दुसऱ्या क्लेमने तो आणखी जात नाही; फक्त डिडक्टिबल पुन्हा कापला जाईल.

कंपनी बदलून बोनस वाचवायचा विचार कोणी सुचवला तर कान बंद करा. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून एनसीबीची खातरजमा करते, आणि खोटं जाहीर केलेलं पुढच्या क्लेमच्या वेळी बाहेर आलं की तेव्हा मोठा फटका बसतो.

क्लेम करायचा ठरवा किंवा न ठरवा, कंपनीला कळवून ठेवा. आजच. पॉलिसीची पहिलीच अट अपघाताची ताबडतोब लेखी सूचना द्या अशी आहे. आठवडा उलटला म्हणून घाबरू नका. निव्वळ उशिराच्या कारणावरून खरा क्लेम नाकारू नये असं विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, 2011 मध्येच कंपन्यांना बजावलेलं आहे. पण उशीर का झाला हे दोन ओळींत लिहा: समोरच्याने खर्च देण्याचं कबूल केलं होतं, त्याची वाट पाहिली. हे खरं आहे आणि समजण्यासारखं आहे. पुढे समोरच्याने पैसे दिलेच तर क्लेम लेखी मागे घ्या आणि "रक्कम न देता बंद" असं कंपनीकडून लेखी घेऊन ठेवा, नाहीतर नूतनीकरणाच्या वेळी तो क्लेम अजून चालू दिसेल आणि बोनस अडकेल.

आता गॅरेजबद्दल एक. गाडी नेलीत की तिथला कोणीतरी म्हणेल, "कशाला दुसऱ्या गाडीचं नाव घालता, पोलीस-बिलीस मागतील. रिव्हर्स घेताना खांबाला लागली लिहा, लगेच पास होतं." लिहू नका. एक तर ते खोटं आहे आणि क्लेम नाकारायला आयतं कारण. दुसरं, उद्या आईच्या दुखण्यासाठी किंवा उरलेल्या पैशांसाठी ट्रिब्युनलमध्ये गेलात, तर समोरचा वकील पहिला कागद काढेल तो तुमच्या सहीचा क्लेम फॉर्म, ज्यात खांब आहे आणि त्याची गाडी कुठेच नाही. आणि तिसरं, ते दिसतं. खांबाने पडलेला पोचा उभा आणि अरुंद असतो, मधे खोल आणि बाजूंना एकदम संपणारा. गाडीच्या बंपरने पडलेला पोचा आडवा, पसरट असतो, दोन्ही टोकांना हळूहळू विरत जातो. त्याची जमिनीपासूनची उंची समोरच्या बंपरच्या उंचीशी जुळते आणि बहुतेकदा तुमच्या रंगावर त्याच्या रंगाचे ओरखडे बसलेले असतात. सर्व्हेअर टेप लावून उंची मोजतो. खांबाच्या गोष्टीत पांढऱ्या गाडीवर लाल रंग कुठून आला, याचं उत्तर तुमच्याकडे नसेल. आणि हेच ओरखडे उद्या तुमचा पुरावा आहेत, म्हणून सर्व्हे होईपर्यंत गाडी पॉलिश करायला देऊ नका.

मागून बसलेल्या धडकेत बाहेरून दिसतं त्याच्यावर कधी विश्वास ठेवू नये. प्लॅस्टिकचा बंपर दबतो आणि पुन्हा बाहेर येतो. त्यामागची लोखंडी पट्टी, ज्याला रीइन्फोर्समेंट म्हणतात, ती आत गेलेली तशीच राहते. सर्व्हेअरसमोर बंपर उतरवायला सांगा. स्टेपनी काढून डिकीच्या तळाचा पत्रा पाहा, त्यावर कपड्याला पडावी तशी सुरकुती आहे का. डिकी बंद करून दोन्ही बाजूंच्या फटीतून बोट फिरवा. एका बाजूला फट रुंद आणि दुसरीकडे घासत असेल तर मागचा पूर्ण पॅनल सरकलाय. पार्किंग सेन्सर आणि त्यांची वायरिंगही तपासा. हे सगळं पहिल्या एस्टिमेटमध्ये यायला हवं, किंवा "बंपर उतरवल्यावर आणखी नुकसान निघाल्यास" असं लिहून सर्व्हेअरला पुन्हा बोलवायला हवं. काम सुरू झाल्यावर, सर्व्हेअरने न पाहिलेला भाग मंजूर करून घेणं म्हणजे नसती डोकेदुखी. जुने काढलेले भागही टाकू देऊ नका, बिल पास होईपर्यंत गॅरेजमध्येच राहू द्या.

मुदतींचं सांगायचं तर, आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर 7 दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. अहवालाची प्रत मागा. कोणत्या भागाला "बदला" म्हटलंय आणि कोणत्याला "दुरुस्त करा", ते त्यात कळतं, आणि निम्मी भांडणं नेमकी तिथेच असतात. नुकसान फारच मोठं असेल, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांपेक्षा जास्त गेला, तर गाडी टोटल लॉस धरली जाते. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

आता फोन न उचलणाऱ्या गृहस्थाकडे वळू. त्याने फोन उचलला नाही तरी गाडीचा नंबर तुमच्याकडे आहे, तेवढं पुरे. एमपरिवहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर नंबर टाकला की विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी कधीपर्यंत चालू आहे हे दिसतं. स्क्रीनशॉट घ्या, कारण पुढच्या महिन्यात पॉलिसी नव्या कंपनीकडे गेलेली असू शकते आणि तुम्हाला हवी आहे ती अपघाताच्या दिवशीची. आणि लक्षात ठेवा, जबाबदारी गाडी चालवणाऱ्याबरोबर नोंदणीकृत मालकाची असते. "गाडी मी विकली, नावावर करायची राहिली" हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात मान्य केलेलं नाही. आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक.

फोन करणं थांबवा आणि लिहा. व्हॉट्सॲपवर साधा, शिवीगाळ नसलेला मजकूर: "अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक सिग्नलला तुमच्या या क्रमांकाच्या गाडीने माझ्या उभ्या गाडीला मागून धडक दिली. दुरुस्तीचा खर्च देण्याचं तुम्ही तिथेच कबूल केलं होतं. गॅरेजचं एस्टिमेट सोबत जोडलं आहे. सात दिवसांत कळवा, नाहीतर मी पोलीस आणि ट्रिब्युनलकडे जाईन." त्याने "हो भरतो, थोडं थांबा" एवढं उत्तर दिलं तरी ते सोन्यासारखं आहे. उत्तर नाही आलं, तर हाच मजकूर रजिस्टर्ड पोस्टाने मालकाच्या पत्त्यावर आणि एक प्रत त्याच्या विमा कंपनीला. त्याची कंपनी तुम्हाला चेक पाठवणार नाही, पण आपल्या ग्राहकाने अपघात कळवलाच नाही हे तिला कळेल, आणि कलम 134 नुसार तो कळवणं त्या चालकावर बंधनकारक आहे. कंपनीचा फोन गेला की लोक अचानक बोलायला लागतात, असा माझा अनुभव आहे. मूळ फोन आणि त्यातले संदेश जपा; नुसत्या छापील स्क्रीनशॉटला उद्या आव्हान मिळेल.

तो पैसे द्यायला तयार झाला तर फार चांगलं, पण बंपर उतरवण्याआधी "सगळा हिशेब मिटला" अशा कागदावर सही करू नका. पैसे थेट गॅरेजला भरू द्या, बिलाप्रमाणे. आणि त्याच्याकडून रक्कम घेऊन पुन्हा तेच बिल आपल्या कंपनीला लावायचं, हा उद्योग करू नका. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत, आणि तुम्ही समोरच्याला मोकळं करून बसलात तर वसुलीचा हक्क बुडवला म्हणून तुमची कंपनी तुम्हालाच विचारेल.

एक प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल: ओडीतून 33,000 मिळाले, तर राहिलेले 13,000 समोरच्याकडून मागता येतात का? येतात. डेप्रिसिएशन, डिडक्टिबल, टोइंग, गाडी गॅरेजमध्ये असतानाचा टॅक्सीचा खर्च, हे तुमच्या पॉलिसीने दिलेलं नाही आणि ते नुकसान त्याच्या चुकीमुळे झालेलं आहे. पावत्या ठेवा. फक्त आपल्या कंपनीच्या डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे क्लेमचे पैसे मिळाल्याच्या पावतीवर, डोळे मिटून सही करू नका. तिथे "पूर्ण व अंतिम" असं छापलेलं असतं; ते तुमच्या आणि कंपनीमधलं आहे, पण समोरचा वकील ते दाखवून "यांना सगळं मिळालं" म्हणणारच. म्हणून कंपनीला पाठवलेल्या ईमेलमध्ये एक ओळ असू द्या, की उरलेल्या नुकसानीसाठी दोषी वाहनमालकाविरुद्धचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे.

पण नुसत्या 13,000 साठी ट्रिब्युनलमध्ये जावं का? माझं मत विचाराल तर नाही. नोटीस पाठवा, मिळाले तर मिळाले. तिथे तारखा पडतात, साक्ष द्यावी लागते, वकिलाची फी असते. ट्रिब्युनल तीन परिस्थितींत मी आवर्जून सुचवतो: नुकसान मोठं आहे, किंवा तुमच्याकडे स्वतःची फक्त टीपी पॉलिसी आहे आणि ओडीचा रस्ताच नाही, किंवा कोणाला इजा झाली आहे. आणि इथे तुमच्या आईचा मुद्दा येतो, जो तुम्ही प्रश्नाच्या शेवटी एका वाक्यात उरकलात. खरं तर तो सगळ्यात आधी यायला हवा होता.

मागून धडक बसली की डोकं आधी मागे आणि मग पुढे फेकलं जातं, आणि मानेचं दुखणं कित्येकदा त्या दिवशी नाही, एक-दोन दिवसांनी जोर धरतं. आईला आजच डॉक्टरांकडे न्या. डॉक्टरांना "वाहन अपघातानंतर मान दुखते" असं स्पष्ट सांगा आणि केसपेपरवर तसं लिहिलंय का ते पाहा. "मानदुखी" एवढंच लिहिलेला कागद ट्रिब्युनलमध्ये काही कामाचा नाही. उतारवयात मान सगळ्यांचीच दुखते, असं समोरचा म्हणेल. आईचा दावा तुमच्या गाडीच्या दाव्यापेक्षा वेगळा आहे, तुमच्या एनसीबीचा त्याच्याशी काहीही संबंध नाही आणि तो समोरच्याच्या टीपीवर जातो. इजेच्या दाव्याला मालमत्तेसारखी साडेसात लाखांची मर्यादाही नाही. दुखणं चार दिवसांत गेलं तर उत्तमच, विषय संपला.

आईच्या दाव्यासाठी पोलिसांतली नोंद हवी. आठवडा झाला तरी जा. निव्वळ पत्र्याचं नुकसान असलं की पोलीस बहुतेकदा स्टेशन डायरीत नोंद करून मोकळे होतात, आणि ओडीच्या लहान क्लेमला तेवढी पुरते. पण सार्वजनिक रस्त्यावर बेदरकार गाडी चालवून जीव धोक्यात घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 खाली दखलपात्र गुन्हा आहे, आणि दुखापत झाली असेल तर कलम 125 ही लागतं. डॉक्टरांचा कागद सोबत न्या आणि लेखी तक्रार द्या. तिच्या प्रतीवर पोहोचल्याचा शिक्का घ्या; "नंतर या" म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. उशिराचं कारण तिथेही तेच आणि तेवढंच सांगा. त्याच अर्जात सिग्नलवरच्या सीसीटीव्हीचं त्या वेळेचं चित्रण जपून ठेवावं अशी मागणी करा. ही सगळ्यात घाईची गोष्ट आहे, कारण जुनं चित्रण काही दिवसांनी पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. शेजारच्या दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून असेल तर तिथे स्वतः जाऊन विचारा.

चूक सिद्ध करणं तुमच्या बाबतीत फार अवघड नाही. पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवणं ही मागच्याची जबाबदारी, आणि तुम्ही तर उभेच होता. समोरचा फार तर म्हणेल की तुम्ही अचानक ब्रेक मारला किंवा गाडी मागे घेतली. त्याला उत्तर म्हणजे फोटो: सिग्नल, तुमची गाडी लेनमध्ये सरळ उभी, दोन्ही गाड्यांचे नंबर एका चौकटीत. त्या दिवशी काढले नसतील तर ज्यांनी काढले असतील त्यांना शोधा. ट्रिब्युनलमध्ये फौजदारी खटल्यासारखं संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही. कोणाचं म्हणणं जास्त संभाव्य, हे पाहिलं जातं.

त्याचा विमाच संपलेला निघाला तर? तर चालक आणि मालक स्वतः जबाबदार, आणि वसुली त्यांच्या ऐपतीवर. अशा वेळी तुमची ओडी हाच खरा आधार. चालकाकडे वैध लायसन्स नव्हतं असं निघालं तरी तुमचं फारसं बिघडत नाही. अशा प्रकरणांत बहुधा कंपनीला आधी तुम्हाला द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगितलं जातं.

तुमच्या कंपनीने पैसे कापताना काही चुकीचं केलं, उदाहरणार्थ मजुरीवर डेप्रिसिएशन लावलं, तर आधी तिच्या तक्रार विभागाला लिहा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, आणि मर्यादा आता 50 लाखांची आहे. मात्र लोकपाल तुमच्या स्वतःच्या कंपनीविरुद्धच उपयोगी. समोरच्याच्या कंपनीबद्दल तिथे तक्रार घेऊन गेलात तर "तुम्ही आमच्या कक्षेत येत नाही" असं सांगून परत पाठवतील, आणि तेवढ्यात सहा महिन्यांतले काही आठवडे गेलेले असतील.

तेव्हा या आठवड्यात आई डॉक्टरकडे, तुम्ही पोलीस ठाण्यात, कंपनीला ईमेल, आणि त्या गृहस्थांना तो एक संदेश. गाडी सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय खोलू देऊ नका. एस्टिमेट आलं की वरच्या हिशेबात खरे आकडे घाला. क्लेमची रक्कम आणि बोनसचं नुकसान फार जवळजवळ आले तर आकड्यांसकट पुन्हा विचारा, कारण तेव्हा झिरो डेप नसणं, पुढच्या वर्षी गाडी विकायचा विचार असणं अशा गोष्टींनी उत्तर फिरतं. गाडी विकून दुसरी घेणार असाल, तर एनसीबी गाडीबरोबर जात नाही, तो तुमच्या नावावर राहतो आणि नव्या गाडीच्या महाग ओडीवर लागतो. मग तोच 45 टक्के बोनस वरच्या हिशेबापेक्षा बराच मोठा होतो.